कोठडीतला छळ : लोकशाही सरकारला तो कधी तरी क्षम्य ठरतो का?

पाणवठा
११ जुलै २००६ च्या मुंबई लोकल बॉम्बस्फोट खटल्यातल्या बाराही जणांना उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ रोजी निर्दोष सोडलं. २०१५ साली विशेष न्यायालयाने त्यांतल्या पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप सुनावली होती. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने निकालाला मर्यादित स्थगिती दिली. इतर खटल्यांत तो दाखला म्हणून वापरायचा नाही, पण सुटलेल्यांनी परत तुरुंगात जायचीही गरज नाही. म्हणजे प्रकरण अजून मिटलेलं नाही.

उच्च न्यायालयाने कबुलीजबाब बाद का ठरवले, ते मला फार महत्त्वाचं वाटतं. काही जबाबांतला मजकूर एकमेकांशी जुळणारा, नक्कल केल्यासारखा होता आणि ते वदवून घेण्यासाठी छळ झाला हे आरोपींनी दाखवून दिलं, असं न्यायालयाने म्हटलं.

माझे प्रश्न दोन. निवडून आलेल्या सरकारला कोणत्याही परिस्थितीत माणसाचा छळ करण्याचा नैतिक अधिकार आहे का? आणि कायद्याने बंदी असताना तो रोज चालतो तो नेमका कोणत्या फटीतून? माझं मत आधीच सांगतो : अधिकार नाही, कधीच नाही. पण दुसऱ्या प्रश्नाचं तपशीलवार उत्तर हवं आहे. इथे वकील आणि डॉक्टर दोन्ही आहेत.

सोलापूरकर_७
पहिल्या प्रश्नावर माझा स्पष्ट विरोध. सात डब्यांत स्फोट, १८० हून जास्त माणसं गेली. अशा वेळी पोलिसांनी हात जोडून विचारायचं का? उद्या गाडीत बॉम्ब आहे, पकडलेल्याला जागा माहीत आहे आणि हातात तासभर आहे. त्या माणसाच्या वेदनेपेक्षा डब्यातल्या दोनशे जणांचा जीव मोठा, हेही नीतिशास्त्रच आहे.

माइनकाठ
सोलापूरकर, तुम्ही म्हणता तसा प्रसंग फ्रँकफुर्टमध्ये खरोखर घडला. सप्टेंबर २००२ मध्ये अकरा वर्षांच्या मुलाचं खंडणीसाठी अपहरण झालं. खंडणी उचलणाऱ्यावर पोलिसांनी पाळत ठेवली आणि त्याला पकडलं, पण मूल कुठे आहे ते तो सांगेना. तेव्हा पोलीस उपप्रमुख डाश्नर यांनी त्याला वेदना देण्याची धमकी द्यायला लावली. प्रत्यक्ष हात लावला गेला नाही. त्याने जागा सांगितली. मूल आधीच मारलेलं होतं.

पुढचा भाग जास्त शिकण्यासारखा आहे. डाश्नर यांनी आपण दिलेला आदेश स्वतःच फाइलमध्ये लिहून ठेवला होता, लपवला नाही. हेतू चांगला, परिस्थिती टोकाची, तरी डिसेंबर २००४ मध्ये न्यायालयाने त्यांना आणि धमकी देणाऱ्या अधिकाऱ्याला दोषी धरलं. शिक्षा मात्र नाममात्र होती : सशर्त दंड, एकाला १०,८०० युरो आणि दुसऱ्याला ३,६००. जून २०१० मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या मोठ्या पीठाने ही शिक्षा अपुरी ठरवली. नुसती धमकीसुद्धा अमानुष वागणूक आहे, मुलाचा जीव वाचवायचा होता म्हणून तिला सूट मिळत नाही, असं त्या पीठाने सांगितलं. खुन्याची जन्मठेप मात्र टिकली. कारण धमकीखाली दिलेले जबाब खटल्यातून वगळले गेले होते आणि त्याने भर न्यायालयात पुन्हा गुन्हा कबूल केला होता.

शेवंता_८८
तुमच्या उदाहरणात चार गोष्टी गृहीत आहेत : माणूस बरोबर आहे, त्याला माहीत आहे, तो खरं बोलेल, आणि खरं बोलला हे वेळेत तपासता येईल. खऱ्या चौकशीत या चारही एकत्र येत नाहीत.

अमेरिकेने हे मोठ्या प्रमाणावर करून पाहिलं. १ ऑगस्ट २००२ च्या सरकारी कायदेशीर टिपणात छळाची व्याख्या इतकी अरुंद केली की अवयव निकामी होण्याइतकी वेदना असेल तरच तो छळ. त्या महिन्यात एका कैद्यावर ८३ वेळा पाण्याचा प्रयोग (तोंडावर कापड टाकून पाणी ओतत गुदमरवणं) झाला, पुढच्या वर्षी दुसऱ्यावर १८३ वेळा. डिसेंबर २०१४ मध्ये सिनेटच्या समितीने सहा हजारांहून जास्त पानांच्या अहवालाचा सारांश प्रसिद्ध केला. सीआयएने ११९ जणांना ठेवलं होतं, त्यांतले किमान २६ जण एजन्सीच्या स्वतःच्या निकषांतही बसत नव्हते. माणूस बरोबर आहे हे पहिलं गृहीतकच तिथे पडलं.

आणि चुकीची माहिती फुकट जात नाही. इब्न अल-शेख अल-लिबी या कैद्याने इजिप्तच्या कोठडीत इराक आणि अल कायदाचा संबंध सांगितला. फेब्रुवारी २००३ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी संयुक्त राष्ट्रांतल्या भाषणात तो वापरला. २००४ मध्ये लिबीने तो जबाब मागे घेतला, तोवर युद्ध सुरू होऊन गेलं होतं.

शमा_वकील
दुसऱ्या प्रश्नावर लिहिते. थोडं लांबेल.

आपल्याकडे छळाला कायद्याची परवानगी कुठेही नाही. घटनेचं कलम २०(३) स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती नाकारतं, २१ जीविताचं रक्षण करतं, २२ वकील देतं आणि चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे नेण्याची सक्ती करतं. कबुलीसाठी दुखापत करणं हा वेगळा गुन्हा आहे : आधी भादंवि ३३० आणि ३३१, आता भारतीय न्याय संहितेचं कलम १२०. शिक्षा अनुक्रमे सात आणि दहा वर्षांपर्यंत. पोलिसाला दिलेली कबुली पुराव्यात चालत नाही (आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम २३).

मग फट कुठे? मला तीन दिसतात.

पहिली, त्याच कलम २३ चं परंतुक (त्यातला अपवाद), म्हणजे जुन्या पुरावा कायद्याचं कलम २७. कबुली चालत नाही, पण कबुलीमुळे जी वस्तू सापडली तेवढा भाग चालतो. म्हणून ठाण्यात सगळा जोर 'निवेदन पंचनाम्या'वर असतो. 'मी चाकू दाखवतो' एवढं वाक्य हवं असतं. सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींनी १९६१ मध्ये काठी कालू ओघड खटल्यात सांगितलं की सक्ती झाली असेल तर हाही भाग २०(३) च्या विरुद्ध जातो. पण सक्ती झाली हे दाखवायचं आरोपीनेच. बंद खोलीत साक्षीदार कोण? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेची नवी संहिता, पुढे 'नवी संहिता') कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं चित्रण सक्तीचं झालं आहे, ते चांगलं आहे. पण चित्रण सुरू होतं जागेवर पोचल्यावर. वाक्य वदवलं जातं त्याच्या आदल्या रात्री.

दुसरी फट खास कायद्यांची. दहशतवादविरोधी टाडा आणि पोटा, आणि आपला संघटित गुन्हेगारीविरोधी १९९९ चा मकोका. मकोकाच्या कलम १८ प्रमाणे पोलीस उपायुक्त किंवा अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने नोंदवलेली कबुली पुरावा ठरते. कायद्यात काळजी घेतली आहे : आधी समज द्यायची, मग जबाब आणि आरोपी मुख्य दंडाधिकाऱ्यापुढे न्यायचा, छळाची तक्रार केली तर सहायक सिव्हिल सर्जनपेक्षा कमी दर्जाचा नाही अशा डॉक्टरकडे पाठवायचं. पण जबाब देणाऱ्याला तोवर कित्येक दिवस पोलीस कोठडीत काढावे लागलेले असतात. काळजी शेवटच्या तासाची घेतलेली आहे, आधीच्या दिवसांची नाही.

तिसरी फट सगळ्यांत मोठी आणि सगळ्यांत साधी : अटक दाखवण्याआधीचा काळ. 'चौकशीला बोलावलं' म्हणून माणूस ठाण्यात बसवून ठेवतात. स्टेशन डायरीत नोंद नाही. चोवीस तास मोजायला सुरुवात होते ती कागदावरच्या अटकेपासून. मारहाण होते ती बहुतेक या बेनामी तासांत.

गारवेल
शमाताई, रिमांडच्या वेळी दंडाधिकारी विचारतात ना, 'पोलिसांविरुद्ध काही तक्रार?' मग आरोपी सांगत का नाहीत?

शमा_वकील
विचारतात. पण ते दृश्य डोळ्यांसमोर आणा. आरोपीच्या कोपराला लागून तोच हवालदार उभा असतो ज्याच्याबरोबर त्याला परत जायचं आहे. पुकारा झाल्यापासून पुढचा पुकारा होईपर्यंत दोन-तीन मिनिटं. आरोपी 'नाही' म्हणतो आणि रोजनाम्यात 'तक्रार नाही' असं उमटतं. वर्षभराने छळाचा मुद्दा काढला की सरकारी वकील तेवढी ओळ वाचून दाखवतात.

यावर उपाय फुकटचे आहेत. पोलिसांना दालनाबाहेर उभं करायचं. शर्ट काढायला सांगून पाठ, मांड्या आणि तळपाय स्वतः पाहायचे. दिसलं ते रोजनाम्यात शब्दांत लिहायचं. नव्या संहितेच्या कलम १८७ प्रमाणे पंधरा दिवसांची पोलीस कोठडी आता पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत तुकड्यातुकड्यांनी मागता येते. म्हणजे न्यायालयीन कोठडीत गेलेला माणूस पुन्हा ठाण्यात येऊ शकतो. ही भीती असताना तो तोंड उघडेल कसा?

डॉ_निरगुडी
वैद्यकीय बाजू मी मांडतो, कारण पुरावा जातो तो इथेच.

अटकेनंतरची तपासणी नव्या संहितेच्या कलम ५३ प्रमाणे सक्तीची आहे आणि अहवालाची प्रत आरोपीला किंवा तो सांगेल त्याला द्यायची आहे. प्रत्यक्षात रात्री अकराला अपघात विभागात चार आरोपी येतात, पोलीस अर्ज पुढे करतात, कपडे न उतरवता 'ताजी जखम नाही' असा शेरा पडतो. ही तपासणी नव्हे.

नीट करायची तर : पोलीस पडद्याबाहेर. पूर्ण अंग पाहायचं. प्रत्येक व्रणाची जागा शरीराच्या ठराविक खुणेपासून सेंटीमीटरमध्ये, लांबी-रुंदी, रंग, आकार. फोटोत मोजपट्टी ठेवायची. काठीचा वळ ओळखता येतो : दोन समांतर लालसर रेघा आणि मधली पट्टी फिकट. रंग तांबड्यावरून निळसर, मग तपकिरी, हिरवट, पिवळा असा बदलत साधारण दोन आठवड्यांत जातो. रंगावरून अचूक दिवस सांगता येत नाही, पण 'तीन दिवसांपूर्वी पडलो' आणि 'काल मारलं' यांतलं कोणतं जास्त जुळतं एवढं नक्की कळतं.

महत्त्वाची गोष्ट : खोल मार लगेच दिसत नाही. मांडीच्या किंवा नितंबाच्या स्नायूतलं रक्त कातडीपर्यंत यायला एक-दोन दिवस लागतात. म्हणून अटकेबाबतच्या सर्वोच्च न्यायालयाच्या डी. के. बसू निकालातली दर ४८ तासांनी तपासणीची अट डॉक्टरांच्या दृष्टीने अगदी योग्य आहे. पहिल्या रात्री कोरा आलेला अहवाल अंतिम धरू नये.

आणि मृत्यू. पुष्कळ वेळा माणूस मारताना मरत नाही, दोन-तीन दिवसांनी मरतो. मोठे स्नायू चेचले गेले की त्यांतलं मायोग्लोबिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडं बंद पडतात. लघवी चहासारखी गडद होते, क्रिएटिन कायनेज (स्नायू मोडले की रक्तात येणारं द्रव्य) भयंकर वाढतं, पोटॅशियम वाढून हृदय थांबतं. दाखल्यावर 'मूत्रपिंड निकामी' किंवा 'हृदयक्रिया बंद' लिहिलं जातं. दोन्ही खरं असतं आणि दोन्हींतून कारण गायब असतं. शवविच्छेदनात पाठ, नितंब, मांड्या, पोटऱ्या, तळपाय इथली कातडी थराथराने उघडून पाहिली नाही आणि मूत्रपिंडाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली गेला नाही, तर प्रकरण तिथेच संपतं.

सोलापूरकर_७
डॉक्टर, हे वाचून अस्वस्थ झालो. तरी मुद्दा सोडत नाही. २६/११ चं काय? कसाबकडून माहिती काढायलाच हवी होती.

शमा_वकील
कसाबचा खटला तुमच्या विरुद्ध बाजूचा सगळ्यांत मजबूत पुरावा आहे. त्याची कबुली फेब्रुवारी २००९ मध्ये पोलिसाने नाही, दंडाधिकाऱ्यांनी नोंदवली. आधी समज दिली, विचार करायला वेळ दिला, मगच जबाब घेतला. ऑगस्ट २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती स्वेच्छेची मानली. शिवाय खटला केवळ कबुलीवर उभा नव्हता. सीएसएमटीवर वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांनी काढलेले फोटो, प्रत्यक्ष साक्षीदार, हल्लेखोर आणि पाकिस्तानातले सूत्रधार यांची ऐकलेली संभाषणं असं सगळं होतं. म्हणून शिक्षा टिकली. २००६ च्या खटल्याची दुसरी तऱ्हा आपण पाहिली. एकोणीस वर्षं गेली, आणि ज्यांची माणसं गेली त्यांच्या हातात आज उत्तर नाही. कबुली मिळाली की तपास थांबतो, हे छळाचं सगळ्यांत मोठं नुकसान.

रानजाई
सीसीटीव्हीबद्दल कुणीच बोललं नाही. डिसेंबर २०२० मध्ये परमवीर सिंग सैनी निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात कॅमेरे सांगितले होते. मग फुटेज मागितलं की 'उपलब्ध नाही' हेच उत्तर का येतं?

केबल_आणि_कॅमेरा
कारण साठवण. हिशेब करू. निकालात प्रवेशद्वार, लॉकअप, व्हरांडे, स्वागतकक्ष, अधिकाऱ्यांच्या खोल्या, स्वच्छतागृहाबाहेरची जागा, मागचा भाग असं सगळं सांगितलं आहे. मध्यम ठाण्याला १६ कॅमेरे लागतात. प्रत्येकी सेकंदाला २ मेगाबिट धरले तर एका कॅमेऱ्याचे दिवसाला २१.६ जीबी, सोळांचे जवळजवळ ३४६ जीबी. निकालात चित्रण दीड वर्ष ठेवायला सांगितलं आहे, तेवढी उपकरणं बाजारात नसतील तर किमान एक वर्ष. एक वर्ष म्हणजे सुमारे १२६ टीबी, दीड वर्ष म्हणजे १८९. दोन ४ टीबी चकत्यांचा साधा डीव्हीआर (चित्रण साठवणारं यंत्र) लावला तर तेविसाव्या दिवसानंतर जुनं पुसून नवं चढायला लागतं. कुणी मुद्दाम पुसायची गरजच नाही. नवी कॉम्प्रेशन पद्धत वापरली तर आकडा निम्म्यावर येईल, तरी ६० टीबीच्या पुढेच.

निविदेत 'कॅमेरे १६' पाहिलं जातं, 'साठवण किती दिवस' ही ओळ कुणी तपासत नाही. निकालात आवाजही सांगितला आहे, तिथे मायक्रोफोन नसलेले कॅमेरे येतात. यूपीएस फक्त डीव्हीआरला असतो, कॅमेऱ्यांच्या पुरवठ्याला नसतो, म्हणून वीज गेली की चित्र जातं. घड्याळ सर्व्हरशी जोडलेलं नसतं, मग फुटेज मिळालं तरी वेळ चुकीची निघते आणि उलटतपासणीत ते पडतं.

शमा_वकील
तेवीस दिवसांचा हिशेब सगळ्यांनी लिहून ठेवा. फुटेज जपून ठेवण्याचा अर्ज पहिल्या रिमांडलाच द्यायचा, कॅमेऱ्याची जागा आणि वेळ लिहून. प्रत मिळेल तेव्हा साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र हॅश मूल्यासह (फाइल बदलली तर बदलणारा तिचा ओळख-आकडा) घ्यायचं. माहिती अधिकाराच्या अर्जाला तीस दिवस लागतात, तोवर चित्रण गेलेलं असतं.

इतिहासाचं_पान
थोडं मागे जातो. पोलिसापुढची कबुली बाद, हा नियम इंग्रजांनी उदारपणे दिलेला नाही. १८५५ मध्ये मद्रास इलाख्यातल्या छळाच्या चौकशी आयोगाचा अहवाल आला. सारावसुलीसाठी आणि कबुलीसाठी बोटं लाकडी चिमट्यात दाबणं, माणसाला वाकवून बांधून उन्हात ठेवणं हे सर्रास चालत होतं. १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत बंदी आली, ती १८७२ च्या पुरावा कायद्यात कायम झाली. दीडशे वर्षांपूर्वीच्या परक्या सरकारलाही कळलं होतं की पोलिसाच्या हातात कबुलीचा पुरावा दिला की तो कष्टाचा तपास सोडतो. मकोकाने आपण त्याच्याही मागे गेलो.

खुद्द ब्रिटनने मात्र १९७१ मध्ये उत्तर आयर्लंडमध्ये चौदा जणांवर पाच तंत्रं वापरली : भिंतीला टेकवून उभं करणं, डोक्यावर पिशवी, सतत आवाज, झोप नाही, अन्नपाणी नाही. मार्च १९७२ मध्ये पंतप्रधान हीथ यांनी ती बंद केल्याचं संसदेत सांगितलं. २००३ मध्ये बसऱ्यात ब्रिटिश सैनिकांच्या ताब्यात बहा मूसा नावाचा इराकी हॉटेल कर्मचारी मेला, अंगावर ९३ जखमा होत्या, आणि त्यातली तंत्रं पुन्हा दिसली. ती बंदी तीस वर्षांत प्रशिक्षणातून विरून गेली होती.

गारवेल
म्हणजे स्वतंत्र कायदा हवाच.

शमा_वकील
हवाच. भारताने छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर १४ ऑक्टोबर १९९७ ला सही केली, अजून अनुसमर्थन (करार बंधनकारक करणारी अंतिम मान्यता) नाही. मे २०१० मध्ये लोकसभेने विधेयक मंजूर केलं, राज्यसभेच्या प्रवर समितीने ते सुधारलं, आणि २०१४ मध्ये ते बाद झालं. विधी आयोगाने २०१७ मध्ये २७३ व्या अहवालात नवा मसुदा दिला. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये संसदेला कायदा करायला सांगण्यास नकार दिला. याचा फटका बाहेरही बसतो. पुरुलियात विमानातून शस्त्रं टाकल्याच्या प्रकरणातल्या किम डेव्हीला डेन्मार्कच्या न्यायालयांनी २०११ आणि पुन्हा २०२४ मध्ये आपल्याकडे पाठवलं नाही, कारण छळाचा धोका. शेवटी छळ गुन्हेगारालाच वाचवतो.

मला त्याहून जवळचं एक कलम हवं आहे. १९८५ मध्ये विधी आयोगाच्या ११३ व्या अहवालाने सुचवलं : पोलीस कोठडीत दुखापत झाली तर ती पोलिसांनीच केली असं न्यायालयाला गृहीत धरता यावं. असं गृहीतक आपल्याला नवं नाही. गडचिरोलीतल्या देसाईगंज ठाण्यातल्या १९७२ च्या मथुरा या मुलीवरच्या बलात्काराच्या प्रकरणानंतर १९८३ मध्ये कोठडीतल्या बलात्काराबाबत संमतीविरुद्ध गृहीतक आलंच. दुखापतीबाबतचं मात्र चाळीस वर्षं कागदावर आहे.

पाणवठा
शमाताई, एखाद्याला आत्ता उचलून नेलं असेल तर घरच्यांनी नेमकं काय करायचं, क्रमाने सांगाल?

शमा_वकील
सगळ्यांत आधी ते बेनामी तास मोडायचे. ११२ ला फोन करून माणूस कोणत्या ठाण्यात आहे हे विचारा, म्हणजे कॉलची वेळ नोंदली जाते. लगेच अधीक्षक किंवा आयुक्त कार्यालयाला ईमेल : नाव, किती वाजता, कुठून, गाडीचा नंबर, किती जण. ठाण्यात दोघांनी जा, ठाणे अंमलदाराला लेखी अर्ज देऊन पोच घ्या. पोच नाकारली तर तोच अर्ज तिथूनच ईमेल करा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मोफत मिळतो, आणि चौकशीदरम्यान वकिलाला भेटायचा हक्क नव्या संहितेच्या कलम ३८ मध्ये आहे, पूर्ण वेळ जवळ बसायचा नसला तरी. चोवीस तास उलटले आणि न्यायालयात आणलं नाही तर उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस (माणसाला न्यायालयापुढे हजर करा, अशी याचिका). रिमांडला तीन अर्ज तयार ठेवा : वैद्यकीय तपासणी, ४८ तासांनी फेरतपासणी, फुटेज जतन. तोंडी सांगू नका.

मृत्यू झाला तर त्याच संहितेच्या कलम १९६ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी सक्तीची आहे, तहसीलदारांची चालत नाही. जिल्हा दंडाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांना राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला चोवीस तासांत कळवावं लागतं. शवविच्छेदन चित्रित झालंच पाहिजे. आणि अंत्यसंस्कारासाठी घाई करणाऱ्यांचं ऐकू नका. सांगलीच्या २०१७ च्या प्रकरणात आरोपी पळाला असं सांगितलं गेलं, आणि त्याचा मृतदेह आंबोलीत जाळला होता.

सोलापूरकर_७
मी सुरुवातीला लिहिलं त्यातलं अर्धं मागे घेतो. खटल्यासाठी छळ चुकीचा, पटलं. पण खरोखर तासभर उरलेला असेल आणि एखाद्या अधिकाऱ्याने हात उचलला, तर त्याला फासावर चढवायचं का?

शेवंता_८८
इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर १९९९ ला नेमका हा प्रश्न घेतला. त्याआधी १९८७ च्या लांडाऊ आयोगाने 'माफक शारीरिक दबाव' मान्य केला होता, आणि अपवाद म्हणून दिलेला दबाव नित्याचा झाला. न्यायालयाने सांगितलं की असा अधिकार आधी देता येत नाही. अधिकाऱ्याने तरी केलं तर नंतर खटल्यात 'नाइलाज होता' असा बचाव मांडावा. त्यावरही टीका झाली, कारण प्रत्यक्षात तो बचाव खटल्याआधीच कामी येऊ लागला. माझं उत्तर : शिक्षा किती हे न्यायाधीश ठरवतील, पण खटला व्हायलाच हवा. डाश्नर यांनी तो टाळला नाही.

शमा_वकील
आपल्याकडे खटल्यापर्यंत जाणंच अवघड. सरकारची मंजुरी लागते. नव्या संहितेच्या कलम २१८ मध्ये १२० दिवसांत निर्णय झाला नाही तर मंजुरी मिळाली असं मानायचं आहे. तक्रारदारांनी अर्जाच्या पोचपावतीची तारीख जपून ठेवावी, दिवस तिथून मोजले जातात.

डॉ_निरगुडी
आणि तपासणीचा अहवाल हातात आला की आधी एकच पाहा : 'कपडे उतरवून तपासलं' असं लिहिलंय का. नसेल तर त्याच दिवशी फेरतपासणी मागा.